डाव्या हाताचा अर्ज

३ जानेवारी

ही वही मी देवनागरीत लिहितोय, कारण या घरात देवनागरी वाचणारा मी एकटाच. भामा घरात मराठी बोलते, पण लिहायला बसली की तमिळ अक्षरं काढते. अप्पांना थोडंफार वाचता येत असे, पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तेव्हा मनातलं लिहायला हरकत नाही. आम्हा तंजावरच्या मराठी लोकांची तऱ्हाच अशी आहे. पूर्वज भोसल्यांबरोबर आले म्हणून लग्नाच्या पंगतीत मिरवायचं, आणि स्वतःचं नाव त्या लिपीत लिही म्हटलं की डोकं खाजवायचं. मी पुस्तकं मागवून शिकलो. मला कुणी शिकवलं नाही.

दिवाळीनंतर अप्पांना झटका आला. उजवा हात आणि पाय गेले, वाचा गेली. घशातून नुसता आवाज येतो. डॉक्टर सूर्यनारायण म्हणतात, "जीभ आणि घसा हलत नाही, एवढंच. बुद्धी शाबूत आहे." डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला! डाव्या हातात पाटी-पेन्सिल दिली तर गांडुळं काढतात. मान हलवतात, पण भामानं "कॉफी हवी?" म्हटलं तरी होकार आणि "झोपतांत कां?" म्हटलं तरी होकार. याला बुद्धी म्हणायची असेल तर आमच्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉललाही बुद्धी आहे.

ओरत्तनाडूच्या बाजूला एक वृद्धाश्रम आहे. पोंगलनंतर तिथे एक खाट रिकामी होतेय. मी होकार कळवणारच होतो, तर भामा रडायला लागली. "मामंजींना समजतंय हो सगळं. बोलतां येत नाही म्हणून माणसाला घराबाहेर काढतांत कां?"

शेवटी तोडगा मीच काढला. मी प्रोग्राम लिहितो. बटण दाबलं की हवं ते बोलून दाखवेल. पोंगलनंतर डॉक्टरांसमोर परीक्षा घेऊ. अप्पांनी योग्य बटणं दाबली तर ते इथे राहतील, नाही तर ओरत्तनाडू. याहून न्यायाचं काय असतं? अप्पांनाही हे मोठ्यानं ऐकवलं. ते छताकडे बघत राहिले.

५ जानेवारी

पायथन या संगणकाच्या भाषेत पडद्यावर खिडकी उघडणं हे माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही जमतं, म्हणजे ते किती सोपं असेल ते समजा. खरी गोष्ट पुढे आहे. कीबोर्डवर बटण दाबलं की खिडकीला कळतं, पण काय करायचं ते तिला कळत नाही. ते प्रत्येक बटणाला जोडून द्यावं लागतं. जे जोडलं नाही ते दाबलं काय, न दाबलं काय. वर्गात हे मी तीन वेळा सांगितलं आणि शेवटच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, परीक्षेला येणार?" पालथ्या घड्यावर पाणी.

अप्पांना डावाच हात आहे, म्हणून मी कीबोर्डच्या डाव्या बाजूचीच बटणं जोडली. उजवीकडची सोडून दिली. ए दाबलं की पाणी, एस कॉफी, डी भात, एफ पंखा, जी कूस बदला, ई दिवा, टी टीव्ही, असं पुढे. प्रत्येक बटणावर रंगीत चित्र चिकटवलं. आवाज माझाच भरला, शुद्ध मराठीत. या घरात शुद्ध मराठी ऐकू येण्याची ती एकच सोय आहे.

इंटरनेटवर कुणी केलेले असले प्रोग्राम पाहिले. सगळे ओकारी येण्यासारखे. माझा साफ आहे.

७ जानेवारी

आधी भामाला चालवून बघायला सांगितलं. तिनं पाण्यावर बोट ठेवलं ते उचललंच नाही, आणि यंत्र माझ्या आवाजात पाणी पाणी पाणी ओरडत सुटलं. शेजारच्या कनकलताबाई धावत आल्या, म्हणाल्या, आग कुठे लागली? बटण दाबून धरलं तर संगणक ते पुन्हा पुन्हा दाबल्यासारखं कळवतो, हे भामाला सांगण्यात अर्थ नव्हता. मी प्रोग्रामला सांगून टाकलं की बटण एकदा खाली गेलं की वर येईपर्यंत दुसऱ्यांदा ऐकू नकोस. अर्ध्या तासाचं काम. कॉलेजात यावर दोन महिन्यांचा प्रोजेक्ट करतात.

अप्पांच्या बोटांना ही अडचण आली नाही. त्यांचं बोट बटणाला लागतं न लागतं तोच उठतं, तापलेल्या तव्याला हात लागल्यासारखं. भामा म्हणते, "किती चटपटीत आहे बघा की बोट!" बोट चटपटीत असून काय उपयोग, दाबायचं काय ते समजायला हवं ना.

अप्पा कलेक्टर कचेरीत टायपिस्ट होते. सगळी नोकरी दुसऱ्यांची वाक्यं बडवण्यात गेली. टायपिंग म्हणजे बोटांची हमाली, डोकं लागतच नाही. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, आज काय टाइप केलंत? म्हणाले, माहीत नाही, वाचलं तर वेग कमी होतो. मी तेव्हाच ठरवलं होतं की मी डोक्याचं काम करणार.

९ जानेवारी

सकाळी अप्पांच्या पोटाजवळ लाकडी फळीवर कीबोर्ड ठेवला, पलीकडे स्टुलावर लॅपटॉप. चित्रं एकदा मोठ्यानं सांगितली: वरच्या ओळीत तिसरं दिवा, मधल्या ओळीत पहिलं पाणी. मग म्हटलं, "मागा काय हवं ते."

कॉफी. पाणी. कूस. दिवा. दिवा. टीव्ही. पाणी.

भामानं कॉफी आणली. अप्पांनी तोंड फिरवलं. पाणी दिलं, तेही नको. कुशीवर वळवलं तर घशातून असा आवाज काढला की भामा घाबरली. पुन्हा सरळ केलं. पुन्हा तेच. कॉफी, पाणी, कूस, दिवा, दिवा, टीव्ही, पाणी. भर सकाळी उन्हात दिवा, तोही दोनदा! मध्येच हात उजवीकडे नेतात आणि जी बटणं मी जोडलेलीच नाहीत ती दाबून बघतात. यंत्र गप्प राहतं, मग अप्पा चिडतात.

ही बुद्धी शाबूत आहे म्हणे.

१० जानेवारी

आज एफवरचं पंख्याचं चित्र अप्पांनी नखानं खरवडून काढलं. मी फेविकॉल लावून पुन्हा बसवलं, वर चिकटपट्टी मारली. संध्याकाळी कॉलेजातून येऊन बघतो तर तेच चित्र पुन्हा गायब, फक्त तेच. बाकीची जागच्या जागी. भामाला म्हटलं, "बघ तुझ्या मामंजींची बुद्धी. पंख्याशी वैर."

ती म्हणाली, "त्या बटणावर खाली बारीक उंचवटा असतो ना? मामंजी बोट तिथंच नेऊन थांबवतांत. मग दुसऱ्या बटणांवर जातांत."

बायकांना कशातही अर्थ दिसतो. उद्या म्हणेल, डासांनाही काही सांगायचंय.

१४ जानेवारी

पोंगल. अंगणात चूल, नवं मडकं, मडक्याला हळदीचं रोप बांधलेलं. दूध उतू गेलं तेव्हा भामा "पोंगलो पोंगल" ओरडली आणि अप्पांनीही घशातून काहीतरी काढलं. त्यांना खुर्चीत बसवून ओट्यावर आणलं होतं. उसाची मोळी आली तेव्हा एकटक तिकडे बघत होते. म्हणजे जिकडून पानांची सळसळ आली तिकडे. दिसतं कुठे त्यांना?

सणाआधी भामानं विषय काढलाच. "यंदा तरी पापनाशमला सीर पाठवतां कां?" सीर म्हणजे पोंगलला भावानं बहिणीच्या घरी पाठवायची भेट: तांदूळ, गूळ, ऊस, हळद, साडी. पापनाशमला माझी बहीण राहते. तिचं नाव या घरात घ्यायचं नाही हे बारा वर्षांपूर्वी ठरलंय. तिनं सुंदर नावाच्या एका माणसाशी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, आणि धंदा म्हणजे भातकापणीची यंत्रं भाड्यानं देणं. एम.कॉम. झालेली मुलगी, आज शेताच्या बांधावर उभी राहून डिझेल मोजते म्हणे. ती दोघं आशीर्वाद घ्यायला आली तेव्हा मी दार लावून घेतलं. अप्पा इथेच खुर्चीत बसले होते. एक अक्षर बोलले नाहीत, म्हणजे त्यांनाही माझंच म्हणणं मान्य होतं. अप्पा कमी बोलत, पण चुकीचं वाटलं तर बोलले असते.

भामाला म्हटलं, "पुन्हा विचारू नकोस."

१५ जानेवारी

आज कनु. बायका भावांच्या नावानं हळदीच्या पानावर रंगीत भाताचे मुटके मांडून कावळ्यांना घालतात. भामाचे भाऊ दोन, दोघेही दिवसभर मोबाइल खेळत बसणारे. त्यांच्यासाठी एवढं. ती गच्चीवरून खाली आली तेव्हा अप्पा फळीवर बोटं मारत होते, आणि घरभर माझा आवाज, कॉफी पाणी कूस दिवा दिवा टीव्ही पाणी, कॉफी पाणी कूस दिवा दिवा टीव्ही पाणी. दुपारपर्यंत थांबले नाहीत. स्वतःच्या आवाजाचा इतका वीट मला कधी आला नव्हता. शेवटी मी कीबोर्डची वायर काढली. तरी अप्पांची बोटं चालूच होती.

भामा म्हणाली, "दर वेळेस तेंच कां हो? वेडा माणूस दर वेळेस वेगळं करील."

मी सांगितलं की वेडाचं लक्षणच ते आहे. तिला काय कळतं!

१८ जानेवारी

परीक्षा झाली. डॉ. सूर्यनारायण आले, भामानं त्यांना कॉफी दिली, ती त्यांनी बशीत ओतून भुरके मारत घेतली. शिकलेला माणूस.

मी प्रश्न सोपे ठेवले होते. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही इतके सोपे देत नाही. "अप्पा, पाणी मागा." अप्पांनी तेच सुरू केलं: कॉफी, पाणी, कूस. मी थांबवलं. "अप्पा, दिवा." पुन्हा तेच, पहिल्यापासून. "अप्पा, एकदा, फक्त एकदा टीव्ही." पुन्हा कॉफीपासून. शेवटी त्यांनी सबंध तळवा कीबोर्डवर आपटला आणि माझ्या आवाजात कॉफीपासून पंख्यापर्यंत सगळं एकदम निघालं. भामा आत गेली.

डॉक्टर म्हणाले, "मला वाटतं, ते काहीतरी सांगतायत. तुमची चित्रं त्यांना दिसतात का?"

मी म्हटलं, "चित्रं तोंडानं सांगितली आहेत. पहिली ओळ, तिसरं बटण. यात दिसायचं काय?"

डॉक्टर उठले. यंत्राविषयी बोलायला लागलं की डॉक्टर लोक गप्प होतात. संध्याकाळी ओरत्तनाडूला फोन करून पंचवीस तारीख पक्की केली. अप्पांना सांगितलं. त्यांचा डावा डोळा पाण्यानं भरला होता. झटक्यानंतर तो असाच वाहतो.

२० जानेवारी

घरात घाण राजकारण सुरू झालंय.

तिरुवैयारूच्या उत्सवाची रस्त्यावर गर्दी असणार म्हणून सकाळी कॉलेजला लवकर निघालो. निघताना घाईत प्रोग्राम तसाच चालू राहिला होता. संध्याकाळी तो नीट बंद केला आणि पुन्हा सुरू करायला गेलो, तर सुरूच होईना. पायथन म्हणतो की अमुक एक नाव त्याच्या ओळखीचं नाही. तो अशी तक्रार करतो ती कुणी कोडात भलताच शब्द घुसवला तर. मी तो शब्द वाचला आणि कानशिलं तापली. इंग्रजी अक्षरांत: संगीता. या घरात न घ्यायचं नाव.

कोडची फाइल उघडली. सकाळी जाताना मी प्रोग्रामच्या मागची कोडची खिडकी पुढे ठेवून गेलो होतो, आणि तिच्यात सर्वांत वर ते नाव. पुन्हा खालच्या ओळीत तेच. पुन्हा तेच. पानभर ओळीखाली ओळ, एकाखाली एक सरळ, मध्ये एक चूक नाही.

मी भामाला बोलावून पडद्यावर बोट ठेवलं. "हे टोमणे मारायचे धंदे बंद कर. सांगायचं असेल तर तोंडावर सांग."

ती वाकून बघत राहिली. म्हणाली, "मला इंग्लिश टायपिंग कुठं येतं हो? आणि तुमच्या मशीनला मी कधी हात लावलाय कां?"

"मग कुणी लिहिलं? कावळ्यानं?"

ती वळली. अप्पांकडे बघत उभी राहिली, मग कीबोर्डकडे, मग पुन्हा अप्पांकडे. कोंडीत सापडल्या की बायका अशाच भलतीकडे बघतात. मी सगळ्या ओळी पुसल्या. प्रोग्राम सुरू झाला.

२१ जानेवारी

कॉलेजातून आलो तेव्हा अप्पा खुर्चीत होते, मांडीवर फळी, फळीवर कीबोर्ड. सगळी चित्रं काढलेली. बटणं धुतल्यासारखी स्वच्छ. लॅपटॉपवर माझा प्रोग्राम नव्हता, कोरं पान होतं. भामानं ते शेजारच्या कनकलताबाईंच्या मुलीला विचारून उघडलं होतं. मी ओरडणार होतो. भामा म्हणाली, "बोलूं नका. मामंजींचं व्हायचंय अजून."

मला आजवर ती असं कधी बोलली नव्हती.

अप्पांचं बोट एफवर गेलं, उंचवट्यावर थांबलं, न बघता टाइप करणारे जागा ओळखतात ती खूण, आणि तिथून सुरू झालं. डावीकडची अक्षरं झटकन. उजवीकडच्या अक्षरांसाठी हात सबंध उचलून पलीकडे न्यायचा, बोटानं 'जे' अक्षरावरचा उंचवटा शोधायचा, तिथून मोजून अक्षर, परत एफ. चूक झाली की मागे जाऊन खोडून पुन्हा. डोळे छताकडे. कीबोर्डकडे एकदाही बघितलं नाही.

मी उभा राहून बघत होतो तेव्हा लक्षात आलं. एस, ए, एन, जी, ई, ई, टी, एच, ए. यातली एन आणि एच ही दोनच अक्षरं उजवीकडची, मी न जोडलेली. बाकीची कॉफी, पाणी, कूस, दिवा, दिवा, टीव्ही, पाणी. तेव्हा ते वेडही नव्हतं आणि मागणीही नव्हती. रोज माझ्या आवाजात माझ्या बहिणीचं नाव निघत होतं.

डॉक्टरांनी चित्रं दिसतात का विचारलं होतं. तो माणूस बशीत कॉफी पितो.

दिवेलागणीला अप्पांचं झालं. इंग्रजीत आहे, कचेरीच्या भाषेत. तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा ते कचेरीत टाइप करत आणि इंग्रजी म्हणजे फक्त अर्ज. मराठीत उतरवून ठेवतो.

"प्रेषक: ए. सांबशिव राव, निवृत्त टंकलेखक. प्रति: श्री. एस. कल्याणराम. विषय: संगीताकडे पाठविणेबाबत. संदर्भ: माझी रोजची विनंती.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवितो की, माझ्या विनंतीवर मला कॉफी देण्यात आली. मी कॉफी मागितली नव्हती. मला चित्रे दिसत नाहीत. अक्षरे कुठे आहेत हे मला माहीत आहे.

मला संगीताकडे जायचे आहे. ओरत्तनाडूबाबतचा निर्णय तोपर्यंत स्थगित ठेवावा.

बारा वर्षांपूर्वी आपण तिला दार बंद केलेत तेव्हा मला बोलता येत होते. मी बोललो नाही. आता बोलता येत नाही म्हणून लिहीत आहे.

आदेशार्थ सादर."

भामाला इंग्रजी बेताचंच येतं, तिला वाचून दाखवावं लागलं. "मला बोलता येत होते" इथे मी थांबलो. खोकला आला असं दाखवलं.

मग मी चुका शोधत बसलो. शिक्षकाची सवय. प्रत्येक पूर्णविरामानंतर दोन जागा सोडलेल्या दिसल्या, म्हटलं सापडली. पण त्या सगळीकडे दोनच होत्या. टाइपरायटरवर तसंच शिकवतात. एकही चूक नव्हती.

२२ जानेवारी

महोदय! पोटच्या मुलाला महोदय!

दिवसभर कॉलेजात तोच शब्द डोक्यात होता. मी त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहिला, आवाज भरला, चित्रं कापली, आणि मला मिळालं काय, तर सरकारी अर्ज. मुलांवर उगाच ओरडलो. एकानं विचारलं की जोडलेलं नसलेलं बटण दाबलं तर प्रोग्रामला चूक कळवता येईल का, म्हणजे निदान कुणीतरी दाबतंय हे तरी समजेल. चांगला प्रश्न होता. मी त्याला खाली बस म्हटलं.

घरी येऊन अप्पांना सांगितलं, "तिच्या घरी जाऊन तुमचं काय होणार? जिना आहे, डिझेलचा वास आहे, दिवसभर माणसांची ये-जा आहे. इथे मी आहे." अप्पांनी कीबोर्ड मागितला नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं. फाइल साहेबाच्या टेबलावर ठेवली की टायपिस्ट परत जाऊन आपल्या जागेवर बसतो, तसे बसून राहिले.

भामा म्हणाली, "तुम्ही फोन करतां कां मी करूं?"

मी म्हटलं, "तुला हवं ते कर." मग तिनं केला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकलं. पलीकडून संगीताचा आवाज, "वैनी, मी कधी येऊं? आत्ता येऊं कां?"

ओरत्तनाडूच्या बाईंना नको म्हणून कळवलं. त्या म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला तरी देऊ. कुणाचा तरी बाप जाईल तिथे.

२५ जानेवारी

सकाळी ती दोघं आली. मोठी गाडी, चाकांना शेतातला चिखल. सुंदर जाडजूड आहे, शर्टच्या खिशात दोन मोबाइल. मला "मच्चान" म्हणाला. म्हणजे मेव्हणा. मी ऐकलं नाही असं केलं. घरात शिरताना त्यानं चपला काढल्या आणि त्या नीट एका बाजूला ठेवल्या. यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

संगीता जाड झालीये, केस पिकलेत. मी बोलायची वाक्यं तयार ठेवली होती. बारा वर्षं तयार होती म्हणा ना. तिनं ऐकायला वेळच दिला नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "अण्णा, अप्पांचं कुठलं औषध कुठल्या वेळेस, लिहून दे. इंग्लिशमध्ये दे, मला मराठी वाचतां येत नाही." मी लिहून दिलं. मग ती अप्पांच्या पायाशी बसली. अप्पांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि तिथेच राहू दिला. मी आतल्या खोलीत काहीतरी शोधायला गेलो. काय ते आठवत नाही.

सुंदरनं त्यांना उचलून गाडीत बसवलं, पोतं नाही, माणूस उचलतोय असं. मला ते जमलं नसतं, माझी कंबर दुखते.

गाडी सुटायच्या आधी मी लॅपटॉप घेऊन खिडकीपाशी गेलो. रात्री प्रोग्राम पुन्हा लिहिला होता. आता सगळी बटणं जोडली आहेत, प्रत्येक अक्षर येतं, ओळ पूर्ण झाली की मोठ्यानं वाचतो. आवाज माझा नाही, यंत्राचा. म्हटलं, "अप्पा, हा चांगला झालाय. आणखी काय हवं ते सांगा, मी घालून देतो."

संगीतानं त्यांच्या मांडीवर कीबोर्ड ठेवला. अप्पांचं बोट एफवर गेलं. सुंदरनं इंजिन बंद केलं.

वेळ लागला. हात पलीकडे, परत, पुन्हा पलीकडे. गल्लीतून एक टेम्पो आला, वाट मिळेना म्हणून हॉर्न मारत राहिला. भामानं त्याला हातानं थांबवलं. मी आधी उभा होतो. मग गाडीच्या पायरीवर बसलो. दुसऱ्यानं लिहिलेलं पूर्ण होईपर्यंत मी थांबलोय असं पूर्वी झालं असेल तर मला आठवत नाही. विद्यार्थ्यांचे पेपरसुद्धा मी अर्धेच वाचतो.

यंत्रानं वाचून दाखवलं, सपाट आवाजात, इंग्रजीत:

"प्रोग्राम पुरे. तू ये. येताना वेळ घेऊन ये, आता माझा वेग कमी आहे."

इंग्रजीत तू आणि आपण एकच शब्द असतो, पण अर्जात होता तो महोदय यात नव्हता. मी "बरं" म्हणालो. आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा म्हणालो. अप्पांनी मान हलवली.